रोमन लोक रोज आंघोळीला एवढं पाणी आणायचे कुठून?

खारीक_खोबरं

दिवाळीच्या सुट्टीत रोमला जाऊन आले. फोटो नंतर टाकेन, आधी डोक्यात अडकून बसलेली एकच गोष्ट विचारते.

सगळं जग कलोसियमच्या रांगेत असताना आम्ही, नवऱ्याचा गुडघा आणि लेकीची भुणभुण सांभाळत, काराकाला बादशहाच्या स्नानगृहात गेलो. स्नानगृह म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर मोठी मोरी आली होती हो! आत गेले आणि मान वर करून बघतच बसले. छत कधीच कोसळलंय पण भिंती अजून तीस मीटरच्या वर उभ्या आहेत. इ.स. २१६ साली हे सुरू झालं, आणि जुन्या एका लेखकाने इथे १६०० जणांना बसायच्या जागा होत्या असं लिहून ठेवलंय. १९६० च्या ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धा ह्याच अवशेषांत घेतल्या होत्या, त्यावरून काय तो अंदाज करा. आणि हे राजवाड्यातलं खासगी प्रकरण नाही बरं, कोणीही यावं, आंघोळ करून जावं. अशी अवाढव्य स्नानगृहं (थर्मी) चौथ्या शतकातल्या यादीत ११ आहेत, आणि गल्लीबोळातली छोटी ८५६!

आता माझा प्रश्न. आमच्याकडे सकाळी पाऊण तास पाणी येतं, त्यात पिंप भरायचं, मशीन लावायचं आणि सासूबाईंची आंघोळ. ह्या लोकांनी वीज नाही, पंप नाही, तर एवढं पाणी आणलं कुठून आणि चढवलं कसं? आणि ते हौदातलं पाणी बदलायचे तरी का? लेकीने तिथेच विचारलं, "आई, म्हणजे सगळ्यांचं उष्टं पाणी?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन थोडं वाचलंय, पण इथे जाणकार आहेत म्हणून धागा.

मला जे कळलं ते एवढंच की काराकालाच्या स्नानगृहाला पाणी आलं ते मार्शिया नावाच्या जलवाहिनीच्या फाट्यावरून. मार्शिया बांधायला घेतली इ.स.पू. १४४ मध्ये, लांबी ९१ किलोमीटर. आणि गंमत म्हणजे त्यातले ८० किलोमीटर जमिनीखालून! आपण पोस्टकार्डावर कमानी बघतो त्या फक्त शेवटच्या टप्प्यातल्या.

गोटीसोडा

पहिला! मोरीवर वारलो. :)

तो १६०० चा आकडा वाचून आमच्या चाळीतला संडासापुढचा सकाळचा सीन आठवला, डबा घेऊन.

चिंचेचं_बुटुक

मस्त धागा. फक्त आंघोळ म्हणजे आपल्यासारखं दोन तांबे ओतले आणि झालं असं नव्हतं त्यांचं. दुपारी कामं आटपली की जायचं, कपडे काढायच्या खोलीत कोनाड्यात कपडे ठेवायचे (आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून गुलाम राखणीला), मग थोडा व्यायाम नाहीतर चेंडू, मग कोमट खोली, मग गरम खोली, घाम, मग शेवटी गार पाण्याचा हौद. साबण नाही. अंगाला तेल चोपडायचं आणि वाकड्या धातूच्या खरवडणीने तेल-मळ-घाम सगळं खरवडून काढायचं. म्हणजे नरकचतुर्दशीचं अभ्यंग पण रोजच्या रोज, आणि उटण्याच्या जागी खरवडणी.

खर्च? रोममध्ये एक क्वाड्रान्स, म्हणजे त्यांच्या 'आस' नाण्याचा चौथा हिस्सा, अगदीच चिल्लर. त्यामुळे सगळेच यायचे.

त्या खरवडणीवरून हेड्रियन बादशहाची एक गोष्ट आहे. स्नानगृहात त्याला एक जुना सैनिक भिंतीला पाठ घासताना दिसला. विचारलं तर म्हणाला पाठ खरवडायला गुलाम नाही. हेड्रियनने त्याला गुलाम दिले, वर त्यांच्या पोटापाण्याचे पैसेही दिले. पुढच्या खेपेला बघतो तर म्हाताऱ्यांची फौज भिंतीला पाठ घासत उभी! त्याने सांगितलं, आता एकमेकांची घासा. :)

हिरवागार_वाटाणा

गरम खोलीबद्दल: खालून आग घालायचे. जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर, साधारण दोन फूट वर, तरंगती. बाहेरच्या भट्टीतली गरम हवा आणि धूर त्या पोकळीतून फिरणार, मग भिंतीत बसवलेल्या पोकळ विटांतून वर जाणार. जमीन तापते, भिंतीही तापतात. म्हणजे अख्खी इमारतच तांब्याचा बंब, आणि आपण बंबाच्या आत.

काराकालाच्या खाली भुयारं आहेत ती बघितलीत का ताई? गाड्या जातील एवढी रुंद. लाकूडफाटा तिथूनच यायचा. वर संगमरवर आणि पुतळे, खाली धुरात गुलाम ओंडके ढकलतायत. गाईडलोक हा भाग दोन मिनिटांत गुंडाळतात.

खारीक_खोबरं

भुयारात गेलो नाही, लेक दमली होती. आता चुटपुट लागली.

फेरूल_काका

नमस्कार. मी सहसा नुसता वाचतो पण ह्या धाग्यावर गप्प बसवेना. एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली (कुठल्या ते विचारू नका, अजून तिथेच राहतो). ताईंनी विचारलंय पाणी चढवलं कसं. उत्तर: चढवलंच नाही. उतरवलं.

उगम शहरापेक्षा उंच शोधायचा आणि तिथून शहरापर्यंत हलका उतार देत आणायचा, डोंगर आला तर वळसा नाहीतर बोगदा, दरी आली तर कमानी. हलका म्हणजे किती? फ्रान्समधल्या नीम शहराची वाहिनी घ्या, जिचा पाँ दु गार नावाचा ४९ मीटर उंच पूल फोटोत सगळ्यांनी बघितलाय. ती सुमारे ५० किलोमीटर लांब आणि सगळा मिळून उतार साडेबारा मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला सरासरी पंचवीस सेंटीमीटर! आमच्याकडे लेव्हल काढणारा साहेब दुर्बीण लावूनही गटार उलटं वाहील असं बांधून ठेवायचा. ह्यांच्याकडे काय होतं तर वीस फुटी लाकडी घोडी, तिला ओळंबे, आणि वर पन्हळीत पाणी. ते पाणी दोन्ही टोकांना सारखं टेकलं की लेव्हल.

पण बांधकामाचं कौतुक सगळेच करतात. मला प्रेम आहे ते फ्राँटिनसवर. इ.स. ९७ मध्ये नर्व्हा बादशहाने ह्याला रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख नेमलं. आधी ब्रिटनचा गव्हर्नर होता, म्हणजे मोठा साहेब, पण खुर्चीवर बसून सह्या केल्या नाहीत. खातं शिकून घेतलं आणि पुढच्याला उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहून ठेवलं, ते आजही वाचायला मिळतं. मी रिटायर झाल्यावर वाचलं आणि ठार झालो. दोन हजार वर्षांत काहीच बदललेलं नाही हो!

पहिली गोष्ट, त्याने रजिस्टरं काढली. जमा १२,७५५ आणि वाटप १४,०१८. (माप 'क्विनारिया'.) म्हणजे आलं त्यापेक्षा जास्त वाटलं! कुठलाही ऑडिटर इथेच थांबला असता. हा थेट वाहिन्यांच्या तोंडाशी गेला, स्वतः मापं घेतली, तर रजिस्टरपेक्षा दहा हजाराच्या आसपास पाणी जास्त येत होतं. मग ते जातं कुठे? खात्यातल्याच माणसांच्या घशात. त्यांनी पाईपांची मापंच फिरवली होती, मोठ्या मापाने घ्यायचं आणि छोट्या मापाने द्यायचं, मधलं विकायचं.

दुसरी गोष्ट. ज्याला घरी नळ हवा त्याला बादशहाची परवानगी, आणि ती त्या माणसापुरती, घर विकलं की संपली. नवीन मालक नवीन परवानगी घेऊन आला की टाकीला नवीन भोक पाडायचे आणि जुनं भोक तसंच ठेवायचे, त्यातून धंदा. रस्त्याखालून जाणाऱ्या पाईपांना टोचून दुकानदारांना चोरून लाईन द्यायचे, त्या माणसांना नावच 'टोचे मारणारे' अशा अर्थाचं होतं. हे वाचताना मला आमच्या एका प्लंबरचा चेहराच समोर दिसला.

आणि तिसरी गोष्ट जी माझ्या आयडीशी संबंधित आहे. टाकीतून लाईन काढताना सुरुवातीला काशाची नळी बसवायची सक्ती, लांबी निदान बारा अंगुळं, वर शिक्का. काशाचीच का? शिसं मऊ असतं, ठोकून भोक मोठं करता येतं, कासं दाद देत नाही. आणि टाकीपासून पहिल्या पन्नास फुटांत पाईप त्यापेक्षा मोठा लावायचा नाही, कारण पुढे मोठा पाईप लावला की तो जास्त ओढतो. अहो हेच आमचं फेरूल! मी जन्मभर हेच केलं, 'साहेब अर्ध्या इंचाचंच आहे' म्हणणाऱ्यांची फेरूलं खणून काढली.

गोटीसोडा

काका दंडवत. आयडीचा अर्थ आज कळला. मला वाटलं होतं छत्रीची टोपी.

वाटसरू_७

काका, नेटवर वाचलं की रोमला दरडोई आजच्या शहरांपेक्षा जास्त पाणी मिळायचं, हजार लिटर वगैरे. खरंय का?

फेरूल_काका

ते आकडे मी धरत नाही. क्विनारिया म्हणजे नुसता भोकाचा आकार, सव्वा अंगुळ व्यास. पाणी किती जोरात वाहतंय ते मापात नाहीच. फ्राँटिनसला वेगाने फरक पडतो हे कळत होतं पण मोजायची सोय नव्हती. एक इंची पाईप दाखवून दिवसाला किती लिटर विचारलंत तर मी विचारीन दाब किती. त्यामुळे क्विनारियाचे लिटर करणारा प्रत्येक जण वेगळं उत्तर काढतो.

आणि 'माणशी' म्हणणं पण फसवं. ते पाणी माणसाच्या घरात येतच नव्हतं. घरात नळ बड्यांच्या, बाकी जनता चौकातल्या कारंज्यावर घागरी घेऊन. पाँपेईत (ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर) ही कारंजी एवढी जवळजवळ होती की बहुतेकांना पन्नासेक मीटरच्या आत पाणी.

पण मूळ मुद्दा वेगळा आहे, तो लक्षात घ्या. आपली सगळी व्यवस्था म्हणजे साठवा, व्हॉल्व्ह बंद, वेळेला सोडा. त्यांची व्यवस्था: बंदच करायचं नाही. झऱ्यातून चोवीस तास येतंय, रात्रीही येतंय, तोटी पिळून ते डोंगरात परत जात नाही. मग वाहू दे. कारंज्यातून सांडलेलं रस्त्यावरून गटारात, गटार धुतलं जातं. ह्या सांडपाण्याने गटारं साफ राहतात हे फ्राँटिनसने लिहिलंय. स्नानगृहातलं पाणी बाहेर पडताना पुष्कळ ठिकाणी शेजारच्या सार्वजनिक संडासाखालून काढलेलं असायचं. स्नानगृहं एवढी परवडली त्याचं कारण हे, ताई. पाणी ही अडचण नव्हतीच. महाग होतं ते लाकूड.

कुळथाची_पिठी

ह्यात एक भर. जर्मनीत कलोनजवळ राहते. इथे आयफेलच्या डोंगरातून कलोनला ९५ किमीची रोमन वाहिनी होती. पाण्यात चुना एवढा की आतून थरावर थर चढून दगड झाला, आणि मध्ययुगात लोकांनी तो थर कापून, घासून चर्चमध्ये खांब केले! अगदी तपकिरी संगमरवरासारखा दिसतो. आमच्या गीझरमधला क्षार काढताना मी नवऱ्याला दर वेळी सांगते, जपून ठेव, खांब करू.

मिरचीची_भजी

बाकी सगळं ठीक, पण पाईप शिशाचे ना? शिशाच्या विषानेच रोम बुडालं असं शाळेत सर सांगायचे.

हिरवागार_वाटाणा

सरांचं अर्धं बरोबर. शिसं वाईट हे त्यांनाही माहीत होतं, विट्रुव्हियस नावाच्या वास्तुविशारदाने स्पष्ट लिहिलंय की शिसं ओतणारे कामगार बघा कसे पांढरेफटक दिसतात, त्यापेक्षा मातीचे पाईप वापरा. २०१४ मध्ये रोमच्या जुन्या बंदराचा गाळ तपासून अभ्यास झाला, त्यात शहराच्या नळाच्या पाण्यात झऱ्याच्या पाण्यापेक्षा शंभरपट शिसं निघालं. पण तेवढ्याने साम्राज्य आजारी पडावं असं नाही, हेही त्याच अभ्यासकांनी म्हटलंय. एक तर पाणी सतत वाहतं, पाईपात मुरत बसत नाही (काकांचा मुद्दा परत!), आणि वर कुळथाच्या_पिठीने सांगितला तो चुन्याचा थर. द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवून गोडीला वापरायचे, मला त्याची जास्त भीती वाटते.

खारीक_खोबरं

पण लेकीचा प्रश्न राहिलाच की. उष्टं पाणी?

चिंचेचं_बुटुक

तुमची लेक हुशार आहे. मार्कस ऑरेलियस बादशहा होता ना, तत्त्वज्ञ, त्याने स्वतःच्या टिपणांत लिहिलंय की आंघोळ म्हणजे काय तर तेल, घाम, मळ, ओशट पाणी, सगळं किळसवाणं. तो तर चांगल्यातल्या चांगल्या ठिकाणी जात असणार!

गार हौदात पाणी वाहतं ठेवणं सोपं. गरम हौद सारखा ओतून परत भरायचा तर काका म्हणाले तसं लाकूड. त्यात वैद्य लोकच आजाऱ्यांना स्नानगृहात पाठवायचे. हेड्रियनने आठव्या तासाआधी (त्यांचे तास, साधारण दुपारी दीड-दोन) फक्त आजाऱ्यांनी आंघोळ करावी असा नियम केला होता. म्हणजे आधी आजारी, मग त्याच पाण्यात धडधाकट! आणि केल्सस नावाच्या वैद्यकलेखकाने उघडी जखम घेऊन स्नानगृहात जाऊ नका, सडेल, असं बजावलंय. जंतू माहीत नव्हते पण अनुभव होता.

वाटसरू_७

२०१६ मध्ये केंब्रिजचा एक अभ्यास आला होता, जुन्या संडासांतले आणि कबरींतले नमुने तपासले तर रोमन काळात पोटातले जंत कमी झालेले नाहीतच. उवा-पिसवा पण तेवढ्याच. एवढी स्नानगृहं, एवढे संडास, आणि हाती काय तर जंत.

मिरचीची_भजी

मग आपलंच बरं. मोहेंजोदारोचं महास्नानगृह त्याच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधीचं आहे. आपल्याकडे सगळं आधीच होतं, पण कौतुक मात्र रोमचं.

चिंचेचं_बुटुक

आलं! मी वाटच बघत होते. :) मोहेंजोदारोचा हौद अप्रतिम आहे, डांबराचा थर देऊन गळती बंद केलेली, पण तो १२ बाय ७ मीटरचा एक हौद. इथे विषय शहरभर रोजची आंघोळ पुरवणाऱ्या व्यवस्थेचा चाललाय. शर्यत नाहीये.

फेरूल_काका

तुलनाच करायची तर पुण्याची करा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून उताराने पाणी आणून पेठांतल्या हौदांत आणि शनिवारवाड्यात सोडलं. वाटेत उच्छ्वास बांधले, गाळ बसायला आणि हवा निघायला. पाँपेईत रस्त्याच्या कडेला असेच मनोरे आहेत, वर शिशाची टाकी, दाब मोडायला. दोघांनी एकमेकांची नक्कल केली नाही, पाणी सगळीकडे सारखंच वागतं.

ओवीची_पाटी

बायकांचं काय? त्यांना प्रवेश होता का?

चिंचेचं_बुटुक

होता. पोर्तुगालमध्ये व्हिपास्का नावाच्या खाणवस्तीतला काशाचा पत्रा सापडलाय, त्यात स्नानगृहाच्या ठेकेदाराचे नियम आहेत. बायकांना पहाटेपासून सातव्या तासापर्यंत, पुरुषांना आठव्यापासून रात्री दुसऱ्या तासापर्यंत. दर: पुरुषांना अर्धा आस, बायकांना एक आस. दुप्पट! मुलं आणि सैनिक फुकट. रोममध्ये स्त्री-पुरुष एकत्र जायचे तेही काही काळ चालत होतं, हेड्रियनने वेगळं केलं.

ओवीची_पाटी

दुप्पट पैसे आणि वेळ सकाळची, म्हणजे घरातली कामं टाकून. नियम कोणी केला असेल ते सांगायला नको.

परदेशी_पाटलीण

इंग्लंडात बाथ गावाजवळ राहते, पाहुणे आले की ते स्नानगृह दाखवायला न्यावंच लागतं, आता तोंडपाठ झालंय. झरा ४६ अंश, दिवसाला साडेअकरा लाखांवर लिटर, आणि मोठ्या हौदाच्या तळाला रोमनांनी घातलेले शिशाचे पत्रे अजून तसेच. पण मला आवडतात त्या शिव्याशापाच्या पट्ट्या! सुमारे १३० सापडल्यात. कपडे चोरीला गेले की लोक शिशाच्या पत्र्यावर चोराला शाप कोरून देवीच्या झऱ्यात टाकायचे. दोकिमेदिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तर त्याने मागितलंय काय, चोराची बुद्धी जावो आणि डोळे जावोत. हातमोज्यांसाठी! आमच्या आजीची चप्पल देवळातून गेली होती तेव्हा ती पण ह्याच सुरात बोलली होती.

आता त्यात उतरू देत नाहीत. १९७८ मध्ये तिथल्या पाण्यातल्या अमिबामुळे एका मुलीचा जीव गेला, तेव्हापासून बंद.

गोटीसोडा

अवांतर: व्हेस्पेशियन बादशहाने मुतारीतल्या मुतावर कर लावला (धोबी ते कपडे धुवायला न्यायचे). मुलगा म्हणाला बाबा हे काय, तर त्याच्या नाकाशी नाणं धरून विचारलं, वास येतो का? इटलीत सार्वजनिक मुतारीला आजही त्याचंच नाव. असं अमरत्व नको रे बाबा.

वाटसरू_७

आणि हे सगळं बंद कधी पडलं?

खारीक_खोबरं

हे मी वाचलंय. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला आणि वाहिन्या तोडल्या. स्नानगृहं कोरडी पडलीच, पण पाण्यावरच्या पिठाच्या चक्क्याही थांबल्या, तेव्हा बेलिसारियस सेनापतीने टायबर नदीत होड्या बांधून त्यांच्यावर चक्क्या चालवल्या.

व्हर्गो नावाची एक वाहिनी तेवढी कधी पूर्ण मेली नाही. ऑगस्टस बादशहाचा सेनापती आग्रिप्पा ह्याने इ.स.पू. १९ मध्ये आणलेली, जवळजवळ सगळी जमिनीखाली, एकवीसेक किलोमीटर. पोपनी पुढे दुरुस्त केली आणि ट्रेव्हीच्या कारंज्यात आजही तिचंच पाणी पडतं. सगळे तिथे पाठमोरे उभे राहून नाणी टाकत होते, मी पण टाकलं, आणि तेव्हा मला ह्यातलं काहीही माहीत नव्हतं.

बाकी रोममध्ये बाटली विकत घेऊ नका कोणी. रस्त्यात लोखंडी खांबासारखी छोटी कारंजी आहेत, 'नाझोनी' म्हणतात, म्हणजे नाकाडे. ही रोमन नाहीत, १८७० नंतरची. दोन-अडीच हजार आहेत, पाणी गार आणि पिण्याचं. नळीला खालून बोट लावलं की वरच्या छोट्या भोकातून पाणी उडतं आणि ओणवं न होता पिता येतं. लेकीला तेवढंच आवडलं अख्ख्या रोममध्ये.

फेरूल_काका

ताई, तोटी कुठे असते त्याला?

खारीक_खोबरं

नसते काका. चोवीस तास वाहतं.

फेरूल_काका

अरे देवा. आणि कोणी पाईप लावत नाही?